मायाच्या नावाचा विमा

लालबागच्या त्या चाळीत अप्पा घाडीगावकरांची गाडी हा थट्टेचा विषय होता. गाडी सतरा वर्षांची, पांढरी, अंगावर एक ओरखडा नाही. पण वेग असा की मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी गप्प बसायचा. खालचा इस्त्रीवाला म्हणायचा, अप्पांच्या पुढे लग्नाची वरातसुद्धा पळत जाते. त्यामुळे जानेवारीत एका सकाळी बातमी आली, की अप्पांनी लाल सिग्नल तोडला आणि एका स्कूटरवाल्याला उडवलं, तेव्हा चाळीत कोणाचा विश्वास बसेना. दुसरे कोणी घाडीगावकर असतील, असंच लोक म्हणाले.

दुसरे कोणी नव्हते. हेच ते, सीताराम घाडीगावकर, वय वर्षं एकाहत्तर. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत एकतीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. सागाचे ओंडके भरून घाट उतरले, भिवंडीच्या खड्ड्यांतून गेले, पण पोलिसाच्या वहीत त्यांचं नाव कधी चढलं नाही. याचा त्यांना गर्व होता, आणि गर्व होता म्हणून तो ते लपवतही नसत. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून त्यांनी ही गाडी घेतली, चार वर्षं वापरलेली. ती हौसेखातर नव्हे. ती मायासाठी.

माया त्यांची मुलगी, एकुलती एक. बाळंतपणात काहीतरी घात झाला आणि पोर जन्मली ती अशीच. आज ती अडतीस वर्षांची आहे, अंगानं थोराड, केस पिकायला लागलेले, आणि बोलायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शब्द. कोणाचा हात अंगाला लागलेला तिला खपत नाही, आणि स्वतःहून ती कोणाला हात लावत नाही. आई, म्हणजे कालिंदीबाई, वेणी घालतात तीसुद्धा तिची मर्जी बघून. पंचवीस वर्षांची होईपर्यंत ती घरातच होती. दहा बाय बाराच्या खोलीत खिडकीजवळ बसायची, पुढे मागे डुलायची, आणि डुलून डुलून भिंतीचा रंग पाठीनं उडवायची.

मग दादरची कार्यशाळा मिळाली. मोठ्या वयाच्या अशा मुलामुलींना तिथे काही ना काही काम शिकवतात. मायाला फुलवाती जमल्या. कापसाचा पुंजका घ्यायचा, दोन बोटांत पिळायचा, टोक काढायचं. बघता बघता तिचा हात असा बसला, की तिथल्या नूपुरताई म्हणायच्या, इथे इतकी नेटकी वात दुसऱ्या कोणाची होत नाही. पोर डुलायची थांबली. रात्री झोपायला लागली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी डबा घेऊन आपणहून जिना उतरून गाडीच्या दाराशी उभी राहायला लागली. कालिंदीबाई शेजारणींना सांगत, माझ्या पोरीचा दुसरा जन्म झाला, आणि त्या ते उगाच म्हणत नव्हत्या.

फक्त एक होतं. ती जायची ती त्याच गाडीतून, त्याच रस्त्यानं, आणि अप्पाच चालवत असतील तर. कार्यशाळेची बस होती, तिच्या पायरीवर ती फतकल मारून बसली. टॅक्सीत घातली तर किंचाळून किंचाळून निळी पडली. चाळीतल्या अवधूतनं एकदा अप्पांना ताप होता म्हणून त्यांचीच गाडी चालवली, तर मायानं चालत्या गाडीचं दार उघडलं. त्यानंतर अप्पांनी ताप यायचंच बंद केलं, असं अवधूत हसत सांगायचा.

आता त्या सकाळची गोष्ट. भोईवाड्याच्या वळणावर मारुतीचं एक चिमुकलं देऊळ आहे. ट्रकवाल्याची जात अशी, की देऊळ दिसलं की हात आपोआप स्टीअरिंगवरून कपाळाला जातो. तेरा वर्षांपूर्वी, अगदी पहिल्या दिवशी, गाडी नेमकी त्या देवळासमोर सिग्नलला थांबली होती. अप्पांनी दोन्ही हात जोडले आणि मायानं ते बघितलं. दुसऱ्या दिवशी सिग्नल हिरवा होता, गाडी चालू होती, अप्पांनी एकच हात कपाळाला लावला. मायानं काचेवर डोकं आपटायला सुरुवात केली. तिला दोन्ही हात हवे होते. रस्ता बदलून बघितला तर त्याहून वाईट झालं. शेवटी अप्पांनी ट्रकवाल्याची युक्ती काढली. उजवा गुडघा वर उचलून स्टीअरिंगला टेकवायचा, तीन सेकंद गाडी गुडघ्यावर धरायची, दोन्ही हात जोडायचे. माया शांत. तेरा वर्षं रोज.

जानेवारीत त्यांचा गुडघा सुजला होता. तेल चोळून, पट्टी बांधून ते निघाले. देवळापाशी गुडघा वर उचलला आणि कळ अशी आली की डोळे मिटले. क्षणभरच. पाय सुटला तो ब्रेकवर पडायच्या ऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला. सिग्नल केव्हाच लाल झाला होता. जगदीश नावाचा कुरिअरवाला आपल्या हक्काच्या हिरव्या सिग्नलवरून येत होता. त्याच्या पायाची दोन हाडं मोडली.

पोलिसांनी विचारलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "सिग्नल दिसला नाही, साहेब." एकतीस वर्षं ट्रक चालवलेल्या माणसानं चालत्या गाडीत दोन्ही हात सोडले, हे त्यांच्या जिभेवर येईना. खरं काय ते फक्त कालिंदीबाईंना माहीत होतं. अप्पा हॉस्पिटलात जाऊन जगदीशच्या उशाशी तासभर बसले, पण त्यालाही सांगितलं नाही. बेदरकार गाडी चालवली, सिग्नल तोडला, म्हणून लायसन तीन महिन्यांसाठी गेलं.

ते तीन महिने चाळीनं बघितले. बघितले म्हणजे ऐकले. माया रोज नऊ दहाला खाली उतरायची, गाडीपाशी उभी राहायची, आणि तासाभरानं तिला वर आणायला कालिंदीबाईंना दोन बायका लागायच्या. आठवड्याभरात ती पुन्हा खिडकीशी बसली आणि डुलायला लागली. मग डोकं आपटायला लागली. भिंतीला गोधड्या बांधल्या तर गोधडी नसलेली जागा ती शोधून काढायची. जेवण अर्ध्यावर आलं. कपाळावर टेंगूळ आणि त्यावर दुसरं टेंगूळ. वरच्या मजल्यावरची नलू परीक्षेचा अभ्यास होत नाही म्हणून तक्रार करायला आली आणि दारातून बघून तशीच परत गेली. अप्पा कॅलेंडरवर दिवस खोडत होते. लायसन परत मिळेल, पोर परत वाती वळेल, एवढ्यावर ते घर तग धरून होतं.

एप्रिलात लायसन मिळालं. डॉक्टरनं डोळे तपासले, कान तपासले, सही केली. अप्पा तो कागद घेऊन कार्यशाळेत गेले तर तिथे दुसराच कागद तयार होता. विश्वस्तांनी नियम केला होता. त्यांचंही काय चुकलं? त्यांच्याकडे येताना अपघात झाला, मुलगी गाडीत होती, काही झालं असतं म्हणजे? यापुढे खासगी गाडीतून मुलाला आणायचं असेल तर गाडीचा पूर्ण विमा हवा, आणि त्यात प्रवासी म्हणून त्या मुलाचं नाव हवं. नुसता तिसऱ्या माणसाचा, म्हणजे समोरच्याला लागलं तर भरपाई देणारा, विमा चालणार नाही. आणि अप्पांच्या गाडीचा विमा एप्रिलअखेर संपत होता.

परळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात धनेश नावाचा विमा एजंट बसतो. अप्पांचं काम तोच बघायचा. त्यानं अप्पांसमोरच मोबाईलवर माहिती भरली आणि डोकं खाजवलं.

"अप्पा, साधी थर्ड पार्टी पाहिजे तर आत्ता काढून देतो, पाच मिनिटांत. फुल पॉलिसी सिस्टीम घेतच नाय. बघा, 'शाखेशी संपर्क साधा' येतंय."

"का रे?"

"का काय? गाडी सतरा वर्षांची. तुम्ही सत्तरच्या वर. यंदाच अपघात, लायसन सस्पेंड, त्या कुरिअरवाल्याचा क्लेम चालू. वर तुम्हाला पोरीचं नाव घालायचंय. कोण हात लावणार?"

"दुसरी कंपनी बघ."

"तीन बघितल्या. सगळीकडं तेच." धनेशनं मोबाईल खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक अडचणीला एक पळवाट असतेच अशी त्याची श्रद्धा होती. "शाखेत माझी ओळख आहे. ते फाईल बघतील, पण अपघात कसा झाला ते तुमच्या हातानं लिहून मागतील. सिग्नल दिसला नाही असं लिहिलंत तर संपलं. म्हातारा, डोळे गेले, असंच ते धरणार."

"मग काय लिहू?"

धनेशनं आजूबाजूला बघितलं. "माया पुढच्या सीटवर होती ना? लिहा, तिनं एकदम तुमचा हात ओढला. गाडीचा ताबा गेला. तुमची चूकच नाय मग. आणि तिला कोण काय करणार? तिला काय कळतंय?"

अप्पा उठून निघून आले. रागानंच आले. पण घरी दारातच माया बसली होती, कपाळावर हळद लावलेली, आणि त्या हळदीतून रक्त झिरपत होतं. दोन दिवस त्यांनी कागदाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मायानं डोकं आपटलं ते खिडकीच्या गजावर, आणि डोळ्याच्या वर दोन टाके पडले. डॉक्टर म्हणाला, थोडं खाली लागलं असतं तर डोळा गेला असता. त्या संध्याकाळी अप्पांनी लिहिलं. वळणदार अक्षरात, एक ओळ खोडून पुन्हा लिहिली: माझी मुलगी माया हिने अचानक माझा हात ओढल्यामुळे गाडीवरील ताबा सुटला.

कालिंदीबाईंनी तो कागद वाचला आणि त्यांचा आवाजच बदलला. "तुमी ह्यां काय लिवलात? तिना माका तरी कधी हात लावल्यान हा? तुमचो गुन्हो चेडवाच्या माथ्यार घातलात."

"मग काय करू? घरात ठेवू तिका? तीन म्हयने बघलंस मां?"

 कालिंदीबाईंनी कागदाची घडी घातली आणि तो परत दिला.

विमा कंपनीची शाखा लोअर परळला, एका काचेच्या इमारतीत. अनुजा नावाची तरुण अधिकारी होती. तिनं अप्पांना पाणी दिलं, काका म्हणाली, कागद दोनदा वाचला. अप्पा खुर्चीच्या कडेवर बसून होते. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला वाटतं, ते कपाळावरच उमटलंय.

"म्हणजे ड्रायव्हिंगची चूक नव्हती," ती म्हणाली. "गाडी तपासून घेतो आम्ही. तुमची केस मी पुढे पाठवू शकते."

अप्पांचा जीव भांड्यात पडला. पण ती अजून वाचत होती.

"काका, पण मायाचं नाव तुम्ही प्रवासी म्हणून घालताय. ती जर हात ओढत असेल तर त्या संस्थेचं पत्र लागेल मला. तिचं वागणं कसं असतं, पूर्वी असं काही झालंय का. मी मेल करते त्यांना. फॉर्मॅलिटी आहे."

हा विचार धनेशनं केला नव्हता. अप्पांनी तर नाहीच केला. ते जिन्यानं खाली उतरले. लिफ्ट आहे हेही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी नूपुरताईंचा निरोप आला, येऊन जा. अप्पा बसनं गेले. कार्यशाळेत काम चालू होतं. लांब टेबलाशी दहाबारा जण बसले होते, आणि खिडकीकडची एक खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर कापसाचा डबा तसाच ठेवलेला होता, झाकण लावून. अप्पांनी तिकडे बघायचं टाळलं, तरी नजर जायचीच.

नूपुरताईंनी दार लावून घेतलं. केस पांढरे झालेल्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी कंपनीचा मेल छापून ठेवला होता, त्याच्याबरोबर अप्पांच्या निवेदनाची प्रतही होती.

"अप्पा, मायानं आजवर कोणाला बोट लावलेलं मी पाहिलेलं नाही. मी हेच लिहिलं तर तुम्ही खोटं लिहिलंत हे त्यांना कळेल आणि विमा मिळणार नाही."

अप्पा खाली बघत होते.

"आणि तुमचं खरं धरून मी लिहिलं, की हो, ती कधीकधी हात ओढते, तर ते पत्र तिच्या फाईलला लागेल. जी मुलं दुसऱ्यावर हात टाकतात त्यांना आम्ही ठेवत नाही, हा नियम तुम्हाला माहीत आहे. बाकीच्या आयांना मी काय सांगू? विमा मिळेल तुम्हाला, पण खुर्ची राहणार नाही." त्या थांबल्या. "काय लिहू, तुम्हीच सांगा."

 बाहेर कोणीतरी हातमागाचा दांडा ठोकत होतं. अप्पांना वाटलं, इथूनच उठावं, चालत चौपाटीवर जावं आणि तसंच पुढे चालत राहावं. मग ते बोलायला लागले. देऊळ, दोन्ही हात, गुडघा, सगळं. पोलिसांना नाही, जगदीशला नाही, ते या बाईंना सांगितलं. 

"रोज?" नूपुरताईंनी विचारलं.

"रोज."

"आणि उद्या विमा मिळाला, तर त्या वळणावर काय कराल?"

हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पोलिसांनी नाही, डॉक्टरनं नाही, त्या काचेच्या इमारतीत नाही. उत्तर मात्र लगेच तयार होतं, आणि तेच भयंकर होतं. ते पुन्हा हात सोडतील. एक हात चालणार नाही, दुसरा रस्ता चालणार नाही, पोर डोकं आपटेल, आणि ते दोन्ही हात सोडतील. गुडघा आता कधी धरेल, कधी धरणार नाही. या वेळी जगदीश होता, दोन हाडांवर निभावलं. पुढच्या वेळी एखादं शाळेत जाणारं पोर असेल. किंवा मायाच काचेतून बाहेर जाईल. विमा तिच्या नावाचा असेल, पैसे तिच्या नावाचे येतील.

"खरं लिहा," अप्पा म्हणाले. "तिनं हात लावला नाही, हे लिहा. एवढं तिच्या नावावर राहू दे."

"अप्पा, मी विश्वस्तांशी बोलते. बस आहे आपली..."

"बसत नाही ती, बाई. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनाही माहीत होतं. त्यांनी पत्र लिहिलं, अप्पांना वाचून दाखवलं, आणि ते दारापर्यंत पोचवायला आल्या. तीन दिवसांनी धनेशचा फोन आला, फाईल बंद झाली म्हणून. तो चिडला होता. एवढी सोपी गोष्ट होती, अप्पा, कशाला घोळ घातलात, असं म्हणत होता. अप्पांनी ऐकून घेतलं. शिव्या खाव्याशा वाटत होत्या, आणि धनेश काही तेवढ्या देईना.

एप्रिल संपला. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी माया डबा घेऊन खाली उतरली. टाक्यांवर पट्टी, नवा ड्रेस, पायात पट्ट्याच्या चपला. या वेळी अप्पांनी तिला वर नेलं नाही. त्यांनी दार उघडलं. ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा आपल्या हातानं लावला आणि समोर बघायला लागली. तीन महिन्यांत तिचा चेहरा असा निवांत झाला नव्हता. अप्पा आपल्या जागेवर बसले. गाडीचं कुलूप काढून किल्ली त्यांनी सकाळीच वर, कालिंदीबाईंकडे ठेवली होती. मुद्दाम.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. मायानं त्यांच्याकडे बघितलं. ते तिच्याकडे बघू शकले नाहीत. आता ती सुरू होणार, काचेवर डोकं जाणार, म्हणून त्यांनी मांडीवर उशी तयार ठेवली होती. पण ती ओरडली नाही. गाडी होती, अप्पा होते. ती वाट बघत राहिली. इस्त्रीवाला दोनदा येऊन बघून गेला. एक वाजता तिनं डबा उघडला, पोळीभाजी खाल्ली, झाकण लावलं. उकाड्यानं दोघं भिजून गेले होते. दुपारभर ती वाट बघत होती आणि तिचा बाप तिच्याशेजारी बसून रडत होता, रस्त्यावरून जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसेल असा.

पाच वाजता, रोज परत यायच्या वेळेला, तिनं पट्टा सोडला, दार उघडलं आणि जिना चढून वर गेली. त्या रात्री ती डुलली नाही. भिंतीपाशी गेली नाही. जेवली आणि झोपली.

कालिंदीबाई अप्पांसाठी पाणी घेऊन खाली आल्या, तर ते अजून गाडीतच होते. "रोज बसतलात असे?" त्यांनी विचारलं.

"बसतंय."

"पावसात? दुखणा इला तरी?"

"बसतंय."

कालिंदीबाई मागचं दार उघडून आत बसल्या.  त्यांच्या मनातलं अप्पांनीच शेवटी बोलून टाकलं. "मी मेलंय की ही गाडीत बसान वाट बघात, कालिंदी. आणि माझ्या जागेर कोण आसतलो?"